आजोबांचे 'रेल्वे मॅगझिन'चे खंड: हे मासिक नक्की काय होतं? ठेवू की देऊ?

वर्षा_नौपाडा

नमस्कार मंडळी. आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. पुढच्या महिन्यात भाड्याच्या घरात जायचंय आणि तिथे एक खोली कमी. त्यामुळे आईच्या माहेराहून आलेलं काचेचं कपाट हा सध्या घरात भांडणाचा विषय झालाय. आजोबा (आईचे वडील) परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, आधी जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे), मग तीच मध्य रेल्वे. कपाटात 'द रेल्वे मॅगझिन' नावाच्या इंग्रजी मासिकाचे बांधीव खंड आहेत. कापडी पाठी, दोन-तीन पाठी गळून हातात येतात. मला रेल्वेतलं ओ की ठो कळत नाही. ठाणे-वाशी लोकलने ऑफिसला जाते, तेवढाच माझा रेल्वेशी संबंध.

विचारायचं असं, की हे मासिक रेल्वे खात्याचं होतं का? म्हणजे आजोबांना ऑफिसातून फुकट मिळायचं, की ते पदरचे पैसे घालून घ्यायचे? बऱ्याच खंडांचं पहिलं पान फाटलंय, साल कळत नाही, पाठीवर नुसता आकडा आहे. ६४, ६५, ६६ चांगले जाडजूड आहेत, पण ८८ ते ९५ एकदम बारीक. मधले अंक गहाळ झालेत का? आणि ६४ च्या शेवटच्या कोऱ्या पानावर आजोबांनी पेन्सिलने कसलातरी हिशेब मांडलाय, तो आईलाही लागत नाही.

रद्दीवाला न्यायला तयार आहे. नवरा म्हणतो, देऊन टाक. माझा हात होत नाहीये, पण ठेवायचं कशासाठी असं विचारलं की मला उत्तरही देता येत नाही.

सदानंद_कळवा

आधी रद्दीवाल्याला दारातून वाटेला लावा, बाकीचं नंतर बोलू. अपस्लो काका कुठे आहेत? त्यांच्या जेवणाचा विषय आहे हा.

अपस्लो_कोपरी

आलो, आलो. दुपारची झोप मोडलीत.

वर्षाताई, रेल्वे खात्याचा या मासिकाशी काडीचा संबंध नाही. हे खासगी मासिक, लंडनहून निघायचं. पहिला अंक जुलै १८९७ चा. (आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, म्हणजे त्याच्यापेक्षा चार वर्षांनी थोरलं. विषयाशी संबंध नाही, पण ठाणेकराने सांगून ठेवावं.) आजही ते दर महिन्याला निघतं. मालक अनेक झाले, २०१० पासून हॉर्नकॅसल नावाच्या गावातल्या मॉर्टन्स या प्रकाशनाकडे आहे. तुमच्या आजोबांना ते ऑफिसातून मिळत असेल तर फार तर रेल्वे कर्मचाऱ्यांच्या इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात वाचायला. पण घरी बांधून घेतलेले खंड आहेत म्हणजे वर्गणी त्यांचीच असणार. परळच्या पगारात परदेशी मासिक! आजीने काय काय ऐकवलं असेल, कल्पना करा.

आता इतिहास विचारलाच आहे तर ऐका. इंग्लंडात त्याच्या आधीही रेल्वेवरची पत्रं होती, अगदी १८३० च्या दशकापासून. पण ती शेअरवाल्यांची. कुठल्या कंपनीने किती लाभांश दिला, कुठल्या नव्या मार्गाचं बिल पार्लमेंटात अडकलं, असा सगळा मामला. १८९७ च्या या मासिकाने गिऱ्हाईक वेगळं धरलं. ज्याचा रेल्वेत पैसा नाही, बहुतेक वेळा नोकरीही नाही, पण गाडीचा आवाज आला की ज्याची मान वळते असा माणूस. असा माणूस खिशात हात घालून मासिक विकत घेईल, हा तेव्हा निव्वळ जुगार होता.

पहिला संपादक जी. ए. सेकॉन. खरं नाव जॉर्ज ऑगस्टस नोक्स. आडनावाची इंग्रजी अक्षरं उलटी लावून त्याने सेकॉन केलं. गडी हुशार होता. त्याने रेल्वे कंपन्यांच्या जनरल मॅनेजरांच्या सचित्र मुलाखतींची मालिका सुरू केली. साहेबांचा फोटो छापून आला की साहेब खूश, आणि साहेब खूश म्हटल्यावर इंजिनांचे फोटो, नकाशे, यार्डात फिरायची परवानगी, सगळं आपोआप. १९१० मध्ये तो बाहेर पडला आणि त्याने समोर दुसरं मासिक थाटलं. ते पुढे १९२३ मध्ये याच 'रेल्वे मॅगझिन'च्या पोटात गेलं. सेकॉनच्या मागून आलेले जे. ए. के हे संपादक १९१० ते १९४९ खुर्चीवर होते. दोन महायुद्धं त्यांनी त्याच खुर्चीतून काढली. तुम्ही सांगताय ते सगळे खंड त्यांच्याच हाताखालचे.

पण मासिक टिकलं ते मुलाखतींवर नाही. माझ्या मते ते टिकलं एका सदरावर. नाव लांबलचक, 'ब्रिटिश लोकोमोटिव्ह प्रॅक्टिस अँड परफॉर्मन्स'. इंजिनं कशी बांधतात आणि प्रत्यक्ष रुळावर किती पळतात, याचा महिन्याचा जमाखर्च. १९०१ मध्ये चार्ल्स राउस-मार्टेन या माणसाने ते सुरू केलं. न्यूझीलंडमध्ये बरीच वर्षं काढून इंग्लंडला परतलेला हा पत्रकार. हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही, नजर खिडकीबाहेरच्या खांबांवर. तिथे रुळाच्या कडेला दर पाव मैलाला खांब असायचा. एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत किती सेकंद लागले ते बघायचं आणि ९०० ला त्या आकड्याने भागायचं, की ताशी मैल हातात.

९ मे १९०४ ला प्लिमथहून लंडनला निघालेल्या डाकगाडीत हा बसला होता. इंजिन 'सिटी ऑफ ट्रुरो', ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं. सॉमरसेटमधल्या वेलिंग्टनच्या उतारावर त्याच्या घड्याळात पाव मैलाला ८.८ सेकंद आले. करा भागाकार. १०२.३ मैल, म्हणजे ताशी जवळजवळ १६५ किलोमीटर! वाफेच्या इंजिनाने शंभरी ओलांडल्याचा दावा तो हाच. आणि गंमत बघा, कंपनीला हा आकडा छापून यायला नको होता, लोक घाबरतील म्हणून. ग्रेट वेस्टर्नने तो अधिकृतपणे मान्य केला १९२२ मध्ये, राउस-मार्टेन १९०८ मध्येच गेला होता. एका माणसाचं एक घड्याळ, त्यावर किती विसंबायचं, यावर तिथली गाडीवेडी मंडळी अजून हमरीतुमरीवर येतात. मला विचाराल तर त्या भांडणामुळेच मासिकाची निम्मी वर्गणी वसूल झाली असेल.

१९०९ पासून ते सदर सेसिल जे. ॲलनकडे आलं आणि १९५८ पर्यंत त्याच्याकडेच राहिलं. त्याच्यानंतर ओ. एस. नॉक. दोघेही पोटापाण्याला इंजिनिअर, ॲलन रेल्वेत, नॉक सिग्नलच्या कंपनीत, लिहिणं फावल्या वेळातलं. आणि मुख्य मुद्दा असा, की त्यांनी छापलेल्या नोंदींतल्या कितीतरी त्यांच्या स्वतःच्या नसायच्या. वाचक पाठवायचे. कुणी शाळामास्तर, कुणी बँकेतला कारकून, सुट्टीला गावी जाताना वही घेऊन बसलेला. स्टेशन, मैल, मिनिटं-सेकंद, वेग असे रकाने आखून नोंद धाडायची आणि आपलं नाव छापून आलं की घरादाराला दाखवायचं. तुमचा खंड उघडा, असे रकाने पानोपानी दिसतील. म्हणजे हे मासिक वाचणाऱ्यांनीच अर्धंअधिक लिहिलेलं आहे.

आता तुमचे आकडे. हे सोपं आहे. पहिला खंड जुलै ते डिसेंबर १८९७ चा. तिथून १९३९ पर्यंत वर्षाला दोन खंड. सम आकड्याचा खंड असेल तर त्याचा निम्मा करा आणि १८९७ मिळवा: ६४ चे ३२, म्हणून १९२९, जानेवारी ते जून. ६५ त्याच वर्षाचा उत्तरार्ध. ६६ म्हणजे १९३० चा पूर्वार्ध. १९४० पासून वर्षाला एकच खंड झाला, तो ८६ वा. मग ८८ म्हणजे १९४२ आणि ९५ म्हणजे १९४९. बारीक का, हे आता कळलं असेलच. युद्धामुळे कागदाची टंचाई, १९४२ ते १९४९ मासिक दोन महिन्यांतून एकदा निघत होतं. तुमचं काही गहाळ झालेलं नाही. युद्ध संपल्यावरही चार वर्षं ती ओढाताण चालली, ही गोष्ट आपल्याला लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं, जिंकले म्हणजे सुटले.

एक करा. बांधताना मधली जाहिरातींची पानं आणि अंकांची मुखपृष्ठं ठेवली आहेत का ते बघा. बहुतेक बाइंडर ती काढून फेकायचे, जाडी कमी करायला. ज्या खंडात ती शाबूत आहेत त्याला जाणकार जास्त मान देतात. बॅसेट-लोक या कंपनीच्या खेळण्यातल्या इंजिनांच्या जाहिराती बघण्यासारख्या असतात.

आणि त्या पेन्सिलीच्या हिशेबात काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टंका. फोटो नको, माझा चष्मा बदलायचाय.

मिलिंद_ऐरोली

काका, सगळं मान्य, पण 'रेल्वे मॅगझिन' हे शौकिनांचं पहिलं मासिक नव्हे हं. जानेवारी १८९६ मध्ये 'मूर्स मंथली मॅगझिन' निघालं होतं, दीड वर्ष आधी. पुढच्याच वर्षी त्याचं नाव 'लोकोमोटिव्ह मॅगझिन' झालं. लंडनच्या स्ट्रॅटफर्ड कारखान्याशी संबंध असलेल्या बेल बंधूंनी काढलेलं. त्याच्यासोबत इंजिनांची रंगीत चित्रं मिळायची, खाली सही 'एफ. मूर'. असा कुणी मूर नव्हताच, ते दुकानाचं नाव होतं. चित्रं काढायचा टॉमस रड नावाचा चित्रकार, मूळ फोटोवर तैलरंगात.

अपस्लो_कोपरी

मिलिंदा, मी 'पहिलं' हा शब्द वापरलेला नाही, वर जाऊन बघ. पण मूरची आठवण काढलीस हे बरं केलंस. ते मासिक जरा कारखान्यातल्या माणसाचं. बॉयलरचे छेद, झडपांची मापं. आणि ते १९५९ मध्ये बंद पडलं. 'रेल्वे मॅगझिन'ला मोटरमनपासून पाद्र्यापर्यंत सगळे चालायचे, म्हणून ते उरलं. तिथल्या पाद्र्यांना रेल्वेचं भारी वेड, का ते देव जाणे.

सदानंद_कळवा

मग इंजिनांचे नंबर लिहून घेत फिरणारी पोरं, ती या मासिकामुळे का? आमच्या कॉलेजात एक होता, कळव्याच्या कारशेडच्या भिंतीवर बसून रेकचे नंबर लिहायचा. त्याला आम्ही वेडाच म्हणायचो. आता तो मोठ्या कंपनीत आहे आणि अजून लिहितो.

अपस्लो_कोपरी

नाही, ते श्रेय इयन ॲलनचं. हा सदर्न रेल्वेच्या वॉटर्लूच्या ऑफिसात कारकून होता. लोकांची पत्रं यायची, अमुक इंजिनाचा नंबर काय, तमुक इंजिन कुठल्या वर्गातलं. उत्तरं देऊन देऊन कंटाळला आणि १९४२ मध्ये, ऐन युद्धात, सदर्नच्या सगळ्या इंजिनांची यादी खिशात मावेल अशा पुस्तिकेत छापली. हातोहात खपली. पोरांनी तिच्यात बघितलेल्या नंबरांखाली रेघा मारायला सुरुवात केली आणि तिथून पुढे स्टेशनांवर थवेच्या थवे. १९४६ मध्ये त्याने 'ट्रेन्स इलस्ट्रेटेड' काढलं, तेच १९६२ मध्ये 'मॉडर्न रेल्वेज' झालं. हा 'रेल्वे मॅगझिन'चा खरा प्रतिस्पर्धी. पुढे त्याचा संपादक जी. फ्रीमन ॲलन, म्हणजे आपल्या सेसिल ॲलनचाच मुलगा! बाप एका मासिकात स्तंभ चालवतोय, मुलगा समोरचं मासिक चालवतोय. रविवारी जेवायच्या टेबलावर काय बोलत असतील?

ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरचं वाफेचं इंजिन बंद झालं, तेव्हा पुष्कळांना वाटलं, आता ही मासिकं बसली. झालं उलटंच. गाडी गेल्यावर आठवणींचा बाजार तेजीत आला. शिवाय वेल्समधली टॅलिलिन ही छोटी रेल्वे १९५१ पासून हौशी लोकांनी स्वतः चालवायला घेतलेली होतीच, तसे प्रयोग गावोगाव सुरू झाले, आणि मासिकांना लिहायला नवा विषय मिळाला.

वर्षा_नौपाडा

काका, एवढं कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. ६४ मध्ये जाहिराती नाहीत, ८८ च्या पुढच्यांत आहेत. पेन्सिलचा मजकूर खाली जसाच्या तसा देते. आजोबांनी आकडे मराठीत लिहिलेत, वर दोन इंग्रजी अक्षरं आहेत ती मी मराठीत लिहिते.

डी. क्यू. कोपऱ्यात ४०१२.
२२ – ७८
२३ – ७६
२४ – बो.
२५ – १५०
२६ – ७२
२७ – ७०
२८ – ६८
२९ – ६८
३० – ६६
३१ – ६८

मग एक रेघ, आणि रेघेखाली "क. ला ब्रेक". आई म्हणते वाण्याचा हिशेब असेल, बो. म्हणजे बोंबील. आजोबा शाकाहारी होते.

अपस्लो_कोपरी

वर्षाताई, तुम्ही बसल्या आहात ना? हा वाण्याचा हिशेब नाही. डी. क्यू. म्हणजे डेक्कन क्वीन, तुमचे आजोबा तिच्यात घड्याळ लावून बसले होते.

डावीकडचे आकडे बोरीबंदरपासूनचे मैल. ठाणे एकविसाव्या मैलावर, म्हणजे पहिली ओळ ठाणे सोडल्यावरची. (१६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तीही एकवीस मैलच, ३४ किलोमीटर. आपल्याकडे मैलाचे दगड रेल्वेतून जाऊन किलोमीटर आले ते स्वातंत्र्यानंतर, त्यामुळे नोंद तेव्हाच्या आधीची.) उजवीकडचे आकडे एका मैलाला लागलेले सेकंद. आता ३६०० ला भागा. ७८ सेकंद म्हणजे ताशी ४६ मैल. ७२ म्हणजे बरोबर ५०. आणि तिसाव्या मैलाला, डोंबिवलीच्या आसपास, ६६ सेकंद: साडेचौपन्न मैल, जवळजवळ ८८ किलोमीटर. मग कल्याणला ब्रेक.

'बो.' म्हणजे बोगदा! पारसिकचा, १९१६ मध्ये उघडलेला, सव्वा किलोमीटरहून लांब. चोविसावा मैल बोगद्यात गेला, अंधारात खांब दिसणार कसा? म्हणून त्या ओळीत सेकंद नाहीत. पण गृहस्थाने घड्याळ थांबवलं नाही. पंचविसाव्या मैलाला १५० लिहिलेत, म्हणजे तेवीस ते पंचवीस, दोन मैलांचे मिळून. सरासरी ४८. दुसऱ्या कुणी अंदाजाने ७५ आणि ७५ असे दोन ओळींत वाटून टाकले असते. यांनी नाही टाकले. सेसिल ॲलनचं सदर नुसतं चाळणारा माणूस हे करत नाही, मुरवून वाचणारा करतो.

आणखी एक. खंड १९२९ चा आहे, पण नोंद त्या सालची असूच शकत नाही. डेक्कन क्वीन सुरू झाली १ जून १९३० ला. म्हणजे कोरं पान सापडलं म्हणून त्यांनी वहीतून इथे उतरवून ठेवलं असणार. कोपऱ्यातला ४०१२ हा इंजिनाचा नंबर. जी.आय.पी.ची चार हजारांच्या मालिकेतली ईए/१ जातीची विजेची इंजिनं, पुढे त्यांनाच डब्ल्यूसीपी-१ म्हणायला लागले. यांत्रिक भाग स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरचे, विजेची सामग्री मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. पुण्यापर्यंत १५०० व्होल्टची डीसी वायर तेव्हा नुकतीच पोचली होती. त्यातलं एक इंजिन दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये उभं आहे, जमलं तर जाऊन बघा.

तुम्ही ठेवायचं कशासाठी म्हणून विचारलं होतं ना? छापील मजकुराची काळजी करू नका, मासिकाने १८९७ पासूनचे सगळे अंक स्कॅन करून ठेवलेत, पैसे भरले की वाचता येतात. हे पेन्सिलीचं पान मात्र जगात एकच आहे.

मिलिंद_ऐरोली

काका, ६६ सेकंद आणि लगेच ६८. डोंबिवलीच्या पुढे वेग कमी का झाला असेल?

अपस्लो_कोपरी

कल्याणची तयारी. नाहीतर खांब चुकून अर्धा सेकंद इकडेतिकडे. हातातलं घड्याळ आणि डोळा, दोन्ही माणसाचे. मैलामागे साठ-सत्तर सेकंदांच्या घरात एका सेकंदाचा फरक आला तरी वेगात ताशी पाऊण ते एक मैलाचा फरक पडतो, म्हणून एका नोंदीवर भांडायचं नसतं, पाच-सहा ओळींचा कल बघायचा.

तुला स्वतःला करून बघायचं असेल तर आता सोपं आहे. वायरच्या प्रत्येक खांबावर पाटी असते, वर किलोमीटर, खाली त्या किलोमीटरातला खांबाचा क्रमांक. वरचा आकडा बदलला की बटण दाबायचं, पुन्हा बदलला की थांबवायचं. ३६ सेकंद आले तर ताशी १००. फक्त फास्ट लोकलमध्ये बसून बोगदा शोधू नकोस. फेब्रुवारी २०२२ मध्ये पाचवी-सहावी लाइन झाल्यापासून बोगदा मेल-एक्स्प्रेसला गेला, फास्ट लोकल आता मुंब्र्याच्या बाजूने बाहेरून जाते. खिडकीची वाट बघत दाराशी लोंबकळून हे उद्योग करायचे नाहीत, हे सांगायला नकोच.

स्मिता_ग्रंथपाल_वाशी

मध्येच बोलते, कारण पावसाळा तोंडावर आहे. वर्षाताई, हे खंड पॅकर्सच्या खोक्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून देऊ नका, आत वाफ धरते. या मासिकात फोटोंसाठी चकचकीत आर्ट पेपर वापरलेला असतो, त्याला एकदा पाणी लागलं की पानं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना फोटोच सोलून येतो. जाड सुती कापडात बांधा, खोकं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. गळालेल्या पाठींना सेलोटेप लावू नका, सुती नाडीने नुसतं बांधून ठेवा. बाइंडिंगच्या खळीला कसर लागते, तेव्हा हलवायच्या आधी प्रत्येक खंड उभा धरून हलक्या हाताने झटका आणि सांध्यात मऊ ब्रश फिरवा. डांबराच्या गोळ्या कागदाला भिडवून ठेवू नका. आणि ते पेन्सिलचं पान पुसट वाटलं म्हणून कुणाला पेनाने गिरवू देऊ नका!

गजानन_नेरुळ

आपल्याकडे असं मासिक का नाही, हा माझा जुना प्रश्न. रेल्वे बोर्डाचं हिंदी 'भारतीय रेल' १९६० पासून आहे, इंग्रजी 'इंडियन रेल्वेज' त्याच्याही आधीपासून. पण ती सरकारी. मंत्र्यांचं भाषण, उद्घाटनाचे फोटो. अमेरिकेत ए. सी. कॅल्मबाक या माणसाने नोव्हेंबर १९४० मध्ये मिलवॉकीहून 'ट्रेन्स' काढलं, तेही खासगीच, आणि डेव्हिड पी. मॉर्गन नावाच्या संपादकाने १९५३ पासून १९८७ पर्यंत ते असं चालवलं की तिथल्या रेल्वे कंपन्याही त्याला दबून असायच्या.

अपस्लो_कोपरी

गजाननराव, कारणं बरीच. एक मोठं कारण म्हणजे स्टेशनवर वही-कॅमेरा घेऊन उभं राहिलं की आधी पोलीस विचारपूस करतो. आमच्या पिढीत फलाटावर फोटो काढणं म्हणजे चोरी केल्यासारखं होतं. नोंदी ठेवणारे होते, हे तर आता दिसतंच आहे, पण त्या पाठवायच्या कुणाला? वर्षाताईंच्या आजोबांनी ही नोंद लंडनला पाठवली असती तर ॲलनने छापलीही असती. पाठवली का, हे बघायला हवं. ६६ वा खंड १९३० च्या जूनपर्यंतचा, त्यात येणं शक्य नाही. ६७ पासून पुढे प्रत्येक खंडाची सूची बघत गेलं पाहिजे. वर्षाताई, ६७ आहे का तुमच्याकडे?

वर्षा_नौपाडा

६६ नंतर थेट ७० आहे. ७० ची सूची आत्ताच बघितली, 'ग्रेट इंडियन' असं कुठे दिसलं नाही. आईला बोंबलाचं सांगितलं, ती हसतेय आणि मध्येच डोळे पुसतेय. नवऱ्याने खोक्यांसाठी फळी आणायला कबूल केलंय. पेन्सिलचं पान मी आज उजेडात नीट स्कॅन करते, काकांसाठी मोठ्या अक्षरात छापूनही आणीन.

६७, ६८, ६९ कुणाकडे असतील तर कृपया कळवा, नुसती सूची बघायला मिळाली तरी चालेल.

सदानंद_कळवा

त्या नंबर लिहिणाऱ्या वेड्याला फोन केलाय. त्याच्या वडिलांकडे साठच्या पुढच्या आकड्यांचे काही खंड आहेत म्हणतो, कुठले ते शनिवारी माळ्यावर चढून सांगणार आहे.